पाण्याच्या तोंडाबरोबर

शुक्रवार, १७ एप्रिल २०२६
सकाळी, काटेवाडीच्या अलीकडे, कालव्याच्या भरावावर

शहबाज,

सलाम-दुवा मागाहून करू. आधी हे वाच. अब्बा पहाटेपासून घरात नाहीत.

मघापासून तुला किती फोन लावले ते तुझ्या फोनात दिसेलच. तू उचलत नाहीस, उचलणारही नाहीस, हे मला माहीत आहे. पण मी लिहिलेलं वाचतोस. ईदला शिरखुर्म्याचा फोटो पाठवला होता, तेव्हाही त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. उत्तर द्यायच्या वेळी तेवढी तुझ्या हाताला मेंदी लागलेली असते. म्हणून आता लिहिते. अंगणवाडीची माहिती भरून भरून माझे अंगठे फोनवर चांगले चालतात. पायांचं मात्र तसं नाही.

माझ्या उजव्या टाचेचं हाड वाढलंय. दीड-दोन वर्षं झाली, तुला कुठून माहीत असणार. डॉक्टरांनी चपलेत घालायला मऊ गादी दिली आहे, आणि रात्री मी गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक घेते. दोन्हींचा गुण सारखाच. ह्या दुखण्याची एक खोड आहे. चालत राहिलं तर ते कसंबसं सोसतं, पण बसून पुन्हा उठलं की पहिली पावलं टाचेत खिळा ठोकल्यासारखी पडतात. तेव्हा मी हे बसून लिहिते आहे ते फुकट नाही, एवढं ध्यानात ठेवून वाच.

झालं असं. दीड महिना कालवा कोरडा होता, गल्लीतली पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. काल संध्याकाळी शेजारी कोणीतरी ओट्यावर बोललं, की वरून पाणी सोडलंय, पहाटेपर्यंत बारामतीत येईल. अब्बा तिथंच खाटेवर पडून होते. मला वाटलं झोपलेत. पहाटे फजरच्या नमाजाला उठले तर खाट रिकामी, दाराची कडी काढलेली, आणि खुंटीवरची लोखंडी चावी जागेवर नाही. कालव्याची दारं उघडायची ती हातभर लांबीची चावी, जी त्यांनी लोहाराकडून स्वतः करून घेतली होती आणि निवृत्त झाल्यावरही खुंटीवरून हलवू दिली नाही.

तुला हे सांगायला नको, पण फरहतला वाचून दाखवशील म्हणून लिहिते. तिनं सासऱ्याला नोकरीत कधी पाहिलेलं नाही. अब्बा कालव्यावर पाटकरी होते. कोरड्या कालव्यात पाणी सुटलं की त्याचं तोंड माणसाच्या चालीनं पुढं सरकतं, पुढ्यात पाचट, बाटल्या, मेलेली कुत्री असं काहीबाही ढकलत. तो कचरा मोरीत अडकला की पाणी तुंबतं आणि भराव फुटतो. म्हणून पाटकऱ्यानं काठी घेऊन त्या तोंडाबरोबर चालायचं आणि कचरा काढत राहायचं. आपल्या लहानपणी अम्मी भाकरी बांधून द्यायची तेव्हा म्हणायची, तुमचे अब्बा पाण्याला शाळेत पोचवायला निघाले.

आजही ते पाण्याला पोचवायलाच गेलेत. ह्या वयात, उन्हाळ्यात, न खातापिता. हल्ली ते जरा विसरतात.

मी उठते. तू फोन कर.

करिमा

त्याच दिवशी, ऊन चढल्यावर
काटेवाडीच्या पुढे

शहबाज,

खबर लागली. कालव्याच्या पायऱ्यांवर एक बाई गोधड्या धूत होती, द्वारकाबाई नावाची. मी फोटो दाखवला तर हसली.

"ह्यो व्हय? ह्ये तर पाटकरी चाचा. मी सून हून आले तवाच्यापासनं वळकते की. पाण्याच्या पुढं पुढं चालला व्हता, काठीनं बाटल्या काढीत. मी म्हणलं, चाचा, उनाचं कुठं निगालाय? तर म्हणला, पाणी आलंय, मागं ऱ्हाऊन कसं चालंल."

"काही खाल्लं का त्यांनी?"

"अर्धी भाकरी दिली मी. चालता चालता खाल्ली. बसा म्हणलं तर बसला न्हाय."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला. ह्या माणसाला घरी भाकरी चावत नाही, चुरून द्यावी लागते. उरलेली अर्धी तिनं मला दिली, आणि माझा पाय बघून म्हणाली, "तुझं काय खरं न्हाय बाई, माघारी जा." मी म्हटलं, आमच्या घरात माघारी जायची पद्धत नाही. तिला कळलं नाही. तुला कळेल.

आता तू म्हणशील, रिक्षा करून पुढं का जात नाहीस. मीही तोच विचार केला होता. पण सडकेवरून कालवा दिसतो तो फक्त पुलापाशी, आणि पूल एकमेकांपासून केवढे लांब आहेत ते तुला माहीत आहे. मधल्या वळणात ते पडले, बसले, भोवळ आली, तर पुलावरून कुणाला दिसणार? भरावावरून गाडीही जात नाही, अस्तरीकरणाच्या खडीचे ढीग जागोजाग आडवे टाकलेत. म्हणून पुढच्या टोकाला माणूस उभं केलंय. लासुर्ण्याच्या पुलावर माझ्या ओळखीची अंगणवाडी सेविका आहे, स्वप्नाली. तिला म्हटलं, पाणी पुलाखाली आलं की त्याच्याबरोबर आमचे अब्बा येतील, त्यांना धरून ठेव. ती पुढून अडवणार, मी मागून चालत येणार. पोलिसांत खबर दिली आहे, गावागावाच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. जे करायचं ते सगळं केलंय, तुला बोलावण्याखेरीज, आणि तेही आता करते आहे.

सकाळी मी लिहिलं, ते जरा विसरतात. ते खरं नव्हतं. जरा नाही. मला तुझ्यापुढं अब्बांना केविलवाणं करायचं नव्हतं. तुमच्या दोघांच्या भांडणात मी एवढीच इमानदारी पाळली होती, की एकाची कमजोरी दुसऱ्याला सांगायची नाही.

पण ऐक. अम्मी गेलेली त्यांना आठवत नाही, रोज संध्याकाळी विचारतात, तुझी आई अजून बाजारातून कशी आली नाही. मला कधी ओळखतात, कधी मावशी म्हणतात. दोनदा नमाज पढून झाल्यावर तिसऱ्यांदा वुजूचे हातपाय धुवायला बसतात. डॉक्टर म्हणतात हे मागं फिरणार नाही. कालवा तेवढा त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा आहे. कुठं मोरी, कुठं चारीचं तोंड, कुणाच्या पाण्याची पाळी कधी, सगळं सांगतात. फक्त ती पाळी वीस वर्षांपूर्वीची असते, नाहीतर दहा.

सकाळच्या मजकुराखाली निळ्या खुणा दिसल्या मला. वाचलंस ना? मग फोन कर की रे.

करिमा

दुपार
सणसर मागे पडलं, बाभळीच्या सावलीत

शहबाज,

चपलेचा अंगठा तुटला. ओढणीची पट्टी फाडून बांधली आहे. डाव्या पायावर सगळा भार टाकून चालते म्हणून आता तोही पाय बोलायला लागलाय. पोटरीत गोळे येतात. उजवी टाच टेकवतच नाही, चवड्यावर चालते, आणि चवड्याला फोड आलाय तो मघाशी फुटला. अंगणवाडीतली पोरं माझी लंगडी चाल करून दाखवतात, मी बघत नाही असं समजून. आज त्यांनी पाहिलं असतं तर त्यांनाही जमलं नसतं.

जुम्म्याची अजान ऐकू आली तेव्हा मी खडीच्या ढिगावरून रांगत उतरत होते, लहान पोरासारखी, हात टेकून. वर ऊन, खाली पाणी, आणि प्यायला घोटभर नाही, कारण बाटली द्वारकाबाईच्या पायऱ्यांवर विसरले. आपणही काही कमी विसरत नाही.

चालताना दुसरं काही सुचत नाही म्हणून मी ती रात्र आठवत बसले. तू म्हणशील आता कशाला. कारण ते दार पुढंच आहे, शहबाज. लासुर्ण्याच्या अलीकडचं. तुझ्या कलिंगडांचं.

मी कधी तुझी बाजू घेतली नाही, अब्बांचीही नाही. दोघांचं डोकं एकाच खाणीतल्या दगडाचं, मी मधे पडून काय करणार होते. पण आज सांगते. तुझी कलिंगडं मी पाहिली होती. मुठीएवढी झाली होती आणि वेल माना टाकायला लागले होते. तू अब्बांना म्हणालास, एक पाणी द्या. अब्बा म्हणाले, तुझी पाळी परवा. तू म्हणालास, परवापर्यंत राहायची नाहीत. अब्बा म्हणाले, सगळ्यांचं तेच असतं.

आणि ते खोटं बोलत नव्हते. ऊसवाल्या बागायतदारालाही त्यांनी कधी पाळी मोडून पाणी दिलं नाही. त्यांची ती रीत आठवते ना, मालक स्वतः खोरं घेऊन बांधावर उभा असल्याशिवाय दार उघडायचं नाही. गडी पाठवला तर चालायचा नाही. मालक बांधावर नसला की पाणी ओढ्याला जातं म्हणायचे. मोटारीत बसून राहिलेल्या माणसाला त्यांनी खाली उतरवून हातात खोरं धरायला लावलं होतं, मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

तू त्या रात्री इंजिन लावून पाइप टाकलास, आणि तोही त्यांच्याच हद्दीत. दुसऱ्या पाटकऱ्यानं कानाडोळा केला असता. त्यांनी स्वतः पंच बोलावले, इंजिन जप्त करवलं, आणि नाव विचारल्यावर "शहबाज बादशाह शेख, माझा मुलगा" असं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौकात लोक म्हणाले, पाटकऱ्याच्या घरातच पाणीचोर. कलिंगडं वाळली. तू इंदापूरला गेलास. अम्मीच्या मयतीला आलास तेव्हाही कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहिलास, माती देण्यापुरता आत गेलास आणि निघालास. अब्बा तुझ्याकडं बघत होते. तू बघितलं नाहीस म्हणून सांगते.

थांब, स्वप्नालीचा फोन येतोय.

शहबाज, ती म्हणते पाणी लासुर्ण्याच्या पुलाखाली येऊन बराच वेळ झाला. ती तेव्हापासून वाट बघते आहे. पाण्यापुढं कचऱ्याचा मोठा ढीग होता, मोरीला अडकला, गावच्या पोरांनी काढला. म्हणजे तो काढणारं कुणी बरोबर नव्हतं.

पाणी आलं. अब्बा आले नाहीत.

ते पाण्याला कधी सोडत नाहीत. ताप असताना सोडलं नाही, माझ्या लग्नाच्या दिवशी सोडलं नाही, निकाह उरकून परत कालव्यावर गेले होते. मी उठते आता. मागच्या मजकुराखाली एकच खूण दिसते आहे, तीही करडी. फोन बंद केलास का रे? आजच?

दुपार उलटल्यावर

शहबाज

चपला सापडल्या. एका चारीच्या तोंडाशी, पाण्याकडं टोकं करून नीट जोडीनं ठेवलेल्या. त्यांच्या टायरच्या चपला. बाजूला काठी. आत पाणी दोन पुरुष खोल आहे आणि वेगानं वाहतंय.

इथले एक शेतकरी विजयसिंह आणि त्यांची दोन माणसं गळ टाकून बघत आहेत. मला तिकडं बघवत नाही म्हणून पाठ करून लिहिते. ते विचारतात, घरातला पुरुष माणूस कुणी हाय का. मी म्हटलं आहे. त्यांनी विचारलं कुठं. मी काय सांगू?

तू ये. मला एकटीला हे जमणार नाही. मला त्यांना पाण्यातून काढलेलं एकटीला बघायचं नाही. तू नुसता शेजारी उभा राहा, बोलू नकोस कुणाशी, पण ये.

त्यानंतर थोड्या वेळानं

पाण्यात नाहीत. पाण्यात नाहीत शहबाज.

किती मूर्ख आहे मी. लहानपणी चपला घालून कालव्याच्या दारावरच्या आडव्या तुळईवर चढले म्हणून अब्बांनी मला एकदाच मारलं होतं, जन्मात एकदाच. पायताण घालून तुळईवर चढायचं नाही, घसरतं म्हणून, आणि पाण्याचा मान म्हणूनही. हे मला माहीत होतं आणि जोडीनं ठेवलेल्या चपला बघून मला फक्त एकच गोष्ट सुचली. ते चढले, दार बघितलं, उतरले आणि चपला विसरून पुढं गेले. काठीसुद्धा. पलीकडच्या ओल्या गाळात त्यांची पावलं उमटली आहेत. डाव्या पायाचा अंगठा आत वळलेला. विजयसिंहांना दाखवलं तर म्हणाले, "म्हातारा अनवाणी गेलाय तर. ह्या फुफाट्यात?"

ते गाडी काढतो म्हणाले, भरावावर जाता येईल तेवढं जाऊ. पण ढिगामुळं गाडी दोन शेतांच्याही पुढं जाईना. मग ते सडकेनं पुढं गेले आणि मी पावलांमागं निघाले. माझ्या चपला फेकून दिल्या. डॉक्टरची गादी काढून अब्बांच्या चपलेत ठेवली आहे. माझ्या पायाला त्या भाकरीच्या तव्याएवढ्या होतात, पण चालता येतंय.

पावलं मला कुठं नेत आहेत ते मला कळलंय. तुलाही कळलं असेल. अजून एकच खूण.

संध्याकाळ
तुझ्या दारापाशी

शहबाज,

हे शेवटचं लिहिते, मग माझा फोनही बंद पडेल. नीट वाच. भांडण नंतर कर, वाटलं तर जन्मभर कर.

अब्बा सापडले. जिवंत आहेत. पण ही चांगली बातमी अजून पुरी झालेली नाही.

तुझ्या कलिंगडांच्या शेताला पाणी देणारं ते दार आहे ना, त्याच्या तुळईवर ते बसलेत. दोन्ही पाय पाण्यावर सोडून. तुळई गंजलेली आहे, एका बाजूनं खचली आहे. दाराचं चाक कुणीतरी कधीच काढून नेलंय, नुसता आटा उरलाय, आणि त्या आट्यात त्यांनी आपली चावी बसवून धरली आहे. पायांना फोड आलेत, त्यांतून पाणी गळतंय. ओठ फुटलेत. खाली कालवा भरून चाललाय.

मी पोचले तेव्हा विजयसिंह आणि त्यांचा एक माणूस आधीच आले होते. त्यांनी भल्यासाठीच अब्बांना पाठीमागून धरायला पाहिलं. अब्बांनी चावी उगारली, तोल गेला, आणि एक क्षण ते अर्धे पाण्यावर लोंबकळत होते. कसेबसे सावरले. तेव्हापासून आम्ही कुणी जवळ जात नाही. दोर मागवलाय, पोलिसही निघालेत म्हणे, पण दोर बघून ते आणखी बिथरतील हे मला कळतंय.

मी भरावावरच बसले. त्यांच्यापासून चार हातांवर. म्हटलं, "अब्बा, चला घरी. अम्मी वाट बघते आहे." हे खोटं रोज चालतं. आज चाललं नाही.

"आगं, कसं यिऊ? मालक आल्याबिगर दार उघडायचं न्हाय."

"कोण मालक?"

"शहबाज. त्याची कलिंगडं हायत न्हवं हितं. यील आता खोरं घिऊन. पोरगं हाय, जरा उशिरा उठतंय."

समोर कुणाचातरी ऊस उभा आहे, डोक्याच्या वर गेलेला. त्यांना तिथं तुझे वेल दिसत होते.

मी म्हटलं, "अब्बा, पण त्याची पाळी तर परवा आहे." का म्हटलं कोण जाणे. कदाचित एवढी वर्षं ते वाक्य माझ्याही घशात अडकलं होतं.

त्यांनी चावीवरची पकड बदलली. पाण्याकडं बघत होते. मग म्हणाले, "व्हय, परवा हाय. मीच सांगितलं त्याला. पन परवापातूर ऱ्हायाची न्हाईत ती. मी सांजच्याला बघून गेलो ना, येलांनी मान टाकलीया. आज दितो त्याला."

"पाळी मोडून?"

"मोडली तर मोडली. लोकं काय म्हणायचं ते म्हणू द्यात. पोरगं बांधावर आलं की दार उघडतो."

तुला समजतंय का? त्यांच्या डोक्यात ती रात्र अजून झालेलीच नाही. इंजिन नाही, पंच नाहीत, चौक नाही. आज त्याच्या आदली संध्याकाळ आहे. ते पाण्याचं तोंड सोडून इथं थांबले. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याला एकटं पुढं जाऊ दिलं, आणि तुझी वाट बघत बसलेत. त्यांनी तेव्हा हे करायला हवं होतं, हे तू म्हणशील आणि ते खरंच आहे. मी त्यांची वकिली करत नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही, ती तुझी मिळकत आहे, ठेव जवळ. पण ज्या गोष्टीसाठी तू त्यांच्याशी बोलणं सोडलंस ती करायला ते इतके कोस अनवाणी आलेत, आणि आता तू आल्याशिवाय इथून उठत नाहीत.

मीही उठू शकत नाही, खरं सांगायचं तर. बसले तेव्हा टाचेतून कळ मस्तकात गेली आणि आता पाय हलवला की डोळ्यांत पाणी येतं. बापलेक दोघं बसलोत, एक तुळईवर, एक भरावावर. त्यांचं डोकं मधून मधून खाली झुकतं, झोप लागल्यासारखं, तेव्हा मी मोठ्यानं हाक मारते. "अब्बा, आलं का पाणी?" ते दचकून म्हणतात, "आलंय, आलंय." माझा आवाज बसलाय. सूर्य उसाच्या मागं गेलाय. अंधारात मला त्यांचं डोकं झुकलेलं दिसणार नाही.

इंदापूरहून इथं यायला तुला तासही लागणार नाही. गाडी सडकेवर लाव, विजयसिंहांचा माणूस टॉर्च घेऊन उभा राहील. ओरडत येऊ नकोस, पळत येऊ नकोस. मागून येऊ नकोस. उसाच्या कडेनं बांधावर ये, त्यांच्या समोर, जिथं मालक उभा राहतो तिथं. खांद्यावर खोरं असू दे. लांबून म्हण, "अब्बा, आलो." मग ते चावी फिरवतील. दार उघडणार नाही, ते केव्हाच गंजलंय, पण ते फिरवतील आणि मग तुळईवरून उतरतील, कारण दार उघडल्यावर पाटकरी तिथं बसून राहत नाही, बांधावर उतरून मालकाशी दोन शब्द बोलतो. तेवढं उतरू देत. पुढचं मी बघते.

शहबाज, आत्ता दुसरी खूण उमटली. निळी झाली.

वाचतो आहेस ना तू. वर दिसतंय मला, लिहितो आहेस. थांबलास. पुन्हा लिहितो आहेस.

काही लिहू नकोस. खोरं घे आणि नीघ.